नाताळच्या चित्रपुस्तकांसोबत लहान मुलांना हाताने करण्यासारखं काय द्यावं?

तुमची मुलगी साडेचार वर्षांची आहे, नाताळच्या सुट्टीसाठी दोन-तीन चित्रपुस्तकं आणायची आहेत आणि वाचून झाल्यावर कापसाची दाढी चिकटवलेला सांता सोडून दुसरं काय करता येईल, असं तुम्ही विचारलं आहे. बरंच करता येईल. मी वसईकडच्या एका बालवाडीत शिकवते. डिसेंबरात आमच्याकडे घरोघरी कागदी तारे लागतात, गोठे मांडले जातात, त्यामुळे ही पुस्तकं वर्गात दरवर्षी निघतात.

मी एकच गोष्ट बघते: पुस्तकातलं पात्र हातांनी जे करतं, ते मुलांच्या हातांना करायला मिळतंय का? कापसाचा सांता करताना नुकतीच ऐकलेली गोष्ट आठवावीच लागत नाही, म्हणून मला तो पुरेसा वाटत नाही.

एकच पुस्तक घेणार असाल तर रॉबर्ट बॅरी यांचं 'मिस्टर विलोबीज ख्रिसमस ट्री' घ्या. १९६३ चं आहे, पण आजही मुलं त्यावर तुटून पडतात. विलोबीसाहेबांच्या बंगल्यात इतकं उंच झाड येतं की शेंडा छताला लागून वाकतो. बटलर तो शेंडा छाटतो आणि घरकाम करणाऱ्या मिस ॲडलेडला देतो. तिच्याकडेही तो उंचच पडतो, पुन्हा छाटणी. मग माळी, अस्वल, कोल्हा, ससा असं करत उरलेला इवलासा शेंडा उंदरांच्या घरी पोचतो, आणि ते उंदीर राहतात विलोबींच्याच घरात!

यासाठी हिरव्या घोटीव कागदाचा हातभर उंच, निमुळता त्रिकोण कापून ठेवा. घरं म्हणून बुटांचं खोकं, औषधाचं खोकं, चहापत्तीचा पुठ्ठ्याचा डबा आणि शेवटी रिकामी काडेपेटी, सगळी उभी मांडा. पहिल्या खोक्यात झाड मावत नाही, मुलगी शेंडा कापते. खालचा तुकडा बोडका होतो आणि हातात आलेला शेंडा पुन्हा अख्खं झाडच असतं. इथे मुलं थबकतात, शेंडा उलटसुलट करून बघतात. त्या वेळी आपण काही समजावायला जाऊ नये. किती कापायचं हे सुरुवातीला अंदाजानेच चालतं. मग एखादं मूल आपणहून कागद खोक्याशेजारी धरतं आणि पेन्सिलीने खूण करतं. पट्टीशिवाय मापन सुरू झालं! सगळे तुकडे रचून मूळ झाड परत उभं करायला सांगा, लहान-मोठ्याचा क्रम तिला आपोआप लावावा लागेल. पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून अडू नका. चित्रं दाखवत मराठीत सांगा आणि दर छाटणीला एक ओळ ठेवा. आमच्या वर्गात 'झाड बाई उंच, शेंडा छाटा!' असा गजर होतो.

दुसरं, रेमंड ब्रिग्ज यांचं 'द स्नोमॅन' (१९७८). त्यात शब्दच नाहीत, त्यामुळे गोष्ट मुलीलाच सांगू द्या. सांता १९८२ च्या चित्रपटात आहे, मूळ पुस्तकात नाही, हे माहीत असलेलं बरं. सकाळी मुलगा बाहेर येतो तेव्हा बर्फाचा माणूस वितळलेला असतो. काही मुलांना या पानावर रडू येतं. येऊ द्या, लगेच पान उलटू नका.

दुसऱ्या दिवशी दोन सारख्या वाट्यांत पाणी गोठवा. एक बर्फ ताटलीत उघडा ठेवा, दुसरा पिशवीत घालून जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळा. आधी विचारा, कुठला लवकर वितळेल? बहुतेक मुलं ठामपणे स्वेटरमधला सांगतात, कारण त्याला गरम होणार! तासाभराने उघडून बघा. स्वेटर स्वतः ऊब तयार करत नाही, बाहेरची उष्णता आत शिरायला उशीर लावतो, म्हणून तो बर्फ जास्त टिकतो. कोळीवाड्यातल्या मुलांनी बर्फाची लादी गोणपाटात झाकलेली पाहिलेली असते, ती बरोबर उत्तर देतात आणि मग बाकीच्यांना शिकवतात. मला हा तास फार आवडतो.

तिसरं, जॅनेट आणि ॲलन आल्बर्ग यांचं 'द जॉली ख्रिसमस पोस्टमन' (१९९१). पानांमध्ये खरे लिफाफे आहेत, त्यांतून पत्रं आणि खेळ निघतात. पत्रं येतात ती परीकथांमधल्या पात्रांना. इंग्रजी मुलांना ती पात्रं आधीपासून माहीत असतात, म्हणून गंमत येते. आपल्या मुलांनी तेवढ्याच ओळखीच्यांना लिहावं. भोपळ्यातल्या म्हातारीला लेकीकडून पत्र, किंवा घर वाहून गेलेल्या काऊचं चिऊताईला. मुलगी चित्र काढेल, मजकूर तोंडी सांगेल. तुम्ही तो तिच्याच शब्दांत उतरवा, सुधारू नका. एक खरं पत्रही लिहून, तिकीट तिच्या हातून चिकटवून लाल पेटीत टाका.

'द पोलर एक्सप्रेस' सुंदर आहे, पण मजकूर लांब आहे. वर्ष-दोन वर्षं थांबा.

येशूजन्माची गोष्ट सांगायची असेल तर डिक ब्रुना यांचं छोटं पुस्तक ठळक आकारांचं आहे. त्यासोबत शाडूच्या मातीचा गोठा करा, आधी मेंढ्या, कारण त्या सगळ्यांना जमतात. गोठ्यासाठी पसरट ताटलीत थोडी माती घालून नाचणी किंवा गहू पेरा. गोव्यातही गोठ्यातलं गवत असंच उगवतात, आणि तुमच्याकडे घट बसत असतील तर मुलीला ही पेरणी ओळखीची वाटेल. पाणी रोज तिनेच शिंपडावं. पंचवीस तारखेला बोटभर गवत हवं असेल तर १५ डिसेंबरच्या सुमारास पेरा.