ब्राझीलमधील वीज पारेषणाचा काही भाग चिनी कंपनीकडे असल्यामुळे चीन तिथली वीज मनात येईल तेव्हा बंद करू शकतो का?

नाही, कायद्याने आणि कराराने तसा अधिकार त्या कंपनीला नाही. २०१० पासून ब्राझीलमध्ये असलेली ‘स्टेट ग्रिड ब्राझील होल्डिंग’ ही चीनच्या सरकारी ‘स्टेट ग्रिड’ची उपकंपनी तारा, मनोरे आणि उपकेंद्रे बांधते व सांभाळते, परंतु कोणत्या वाहिनीतून किती वीज वाहील, हे ‘ओएनएस’ ही ब्राझीलच्या वीजजाळ्याचे संचालन करणारी राष्ट्रीय भारप्रेषण संस्था ठरवते. कंपनी वीज विकतही नाही. ‘अनील’ या वीज नियामकाच्या लिलावात तिला वाहिनी बांधून चालवण्याचा साधारणपणे ३० वर्षांचा हक्क मिळतो, आणि वाहिनी उपलब्ध ठेवल्याबद्दल वर्षाला ठरावीक महसूल दिला जातो, ज्यातून वाहिनी बंद राहिलेल्या काळासाठी कपात होते. त्यामुळे खोडसाळपणा केल्यास पहिला फटका तिच्याच खिशाला बसेल. बेलो मोंते धरणाची वीज शिंगू येथून रिओ द जानेरो राज्यात नेणारी सुमारे २,५०० किलोमीटरची, ८०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची दुसरी वाहिनी २०१९ मध्ये सुरू झाली. ती संपूर्णपणे या कंपनीकडे आहे, तर त्याच धरणाच्या पहिल्या वाहिनीत तिचा वाटा ५१ टक्के असून उर्वरित भागीदार ब्राझीलचे होते. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी: परिवर्तक केंद्रांतील (जिथे एकदिश व प्रत्यावर्ती प्रवाह एकमेकांत बदलले जातात) नियंत्रणयंत्रणा आणि देखभालीचे ज्ञान प्रत्यक्षात मालकाच्याच हाती असते, म्हणून करार भक्कम असला तरी तांत्रिक अवलंबित्वाची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही.