मळीवर वाढणारं यीस्ट बी-१ जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप कसं बनवतं?

बाहेरून तयार थायमिन (बी-१) मिळालं तर यीस्ट एकाच पायरीत त्याला दोन फॉस्फेट जोडून थायमिन पायरोफॉस्फेट, म्हणजे टीपीपी, बनवतं. टीएचआय-७ हा वाहक थायमिन आत घेतो. टीएचआय-८० हे एन्झाइम एटीपीचे (पेशीतल्या तीन फॉस्फेटवाल्या ऊर्जावाहकाचे) दोन फॉस्फेट एकदम त्यावर चढवतं, मागे एकच फॉस्फेट असलेलं एएमपी उरतं. साखर मोडून तयार झालेल्या पायरुव्हेटपासून अल्कोहोल होताना मॅग्नेशियमसोबत हेच टीपीपी लागतं.

थायमिन मिळालंच नाही तर बरीच खटपट असते, कारण त्याचे पिरिमिडीन आणि थायाझोल हे दोन तुकडे वेगवेगळे बनवावे लागतात. टीएचआय-५ पिरिमिडीनचा तुकडा बनवतं (बी-६चं सक्रिय रूप आणि स्वतःचाच हिस्टिडिन हा अमिनो आम्लाचा भाग मोडून), टीएचआय-४ थायाझोलचा. थायाझोलसाठी लागणारं गंधक टीएचआय-४ स्वतःच्या सिस्टीन या अमिनो आम्लातून देतं. दोन्ही एन्झाइमं एकदाच चालतात, मग बाद! टीएचआय-६ हे तुकडे जोडतं आणि एक फॉस्फेट असलेलं थायमिन मोनोफॉस्फेट मिळतं. पेपरात पोरं हमखास इथं चुकतात: ई. कोलाय हा जिवाणू त्यावर थेट दुसरा फॉस्फेट चढवतो, यीस्ट मात्र आधीचा काढून टाकतं आणि मगच टीएचआय-८० कामाला लागतं.

हे सगळं सॅक्रोमायसिस सेरेव्हिसी या नेहमीच्या यीस्टचं. कँडिडा ग्लॅब्राटा या दुसऱ्या यीस्टला पिरिमिडीन बनवता येत नाही.

मराठवाड्यातल्या डिस्टिलरीवाल्यांसाठी एवढंच: कारखान्यात रसाला गंधकाची धुरी दिलेली असेल तर मळीत उरलेलं सल्फाइट थायमिनचे मधोमध दोन तुकडे करतं. म्हणून थायमिन मळीत आधीच कालवून ठेवू नका. मळी पातळ करून निवली की यीस्टसोबतच घाला.