सल्ला-संवाद: परदेशी निधी आटला, प्रबंधाचं काय?

प्रश्न : हिंगोली-परभणीतल्या बालकांच्या खुंटलेल्या वाढीवर प्रबंध करायचा आहे. अमेरिकेच्या निधीकपातीनंतर डीएचएसच्या (अनेक देशांत होणाऱ्या लोकसंख्या-आरोग्य सर्वेक्षणाच्या) संकेतस्थळावर नवी नोंदणी थांबल्याचं कळलं. विषय बदलू का?
— विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : मुळीच नको. यूएसएआयडी या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेच्या पैशावर १९८४ पासून चाललेला डीएचएस कार्यक्रम फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवला गेला. खरा फटका आफ्रिकेतल्या देशांना आहे. तिथे बालमृत्यूचे भरवशाचे आकडे बहुधा याच सर्वेक्षणातून येत. हे नुकसान फार मोठं आहे. आपलं एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मात्र केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं असून मुंबईची आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यास संस्था ते राबवते. पाचव्या फेरीची (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांची माहितीपत्रकं खुली आहेत. आधी तीच घ्या.

एनएफएचएसच्या कुटुंबनिहाय फाइलसाठी डीएचएसच्या संकेतस्थळावर नोंदणीची सद्यस्थिती पाहा, आयआयपीएसलाही लिहा. मैत्रिणीची फाइल वापरू नका. परवानगी ठरावीक संशोधक आणि प्रकल्पापुरतीच असते. रीकोड मॅन्युअल (फाइलमधल्या संकेतांकांचा अर्थ सांगणारी पुस्तिका) आजच उतरवून ठेवा.

आता सगळ्यात जास्त चुका होतात तिथलं सांगतो. वाढीची टक्केवारी अहवालाशी जुळत नसेल, तर बहुधा बालकांची फाइल वापरलेली असते. घरातील सदस्यांची फाइल घ्या, आदल्या रात्री घरात असलेली मुलंच ठेवा. वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर (प्रमाणित उंचीपासूनचं अंतर दाखवणारा आकडा) शंभरपट लिहिलेला असतो, म्हणून उणे २०० च्या खाली ते खुंटलेलं मूल. ९९९० च्या वरचे संकेतांक वगळा. भारांक (नमुन्यातल्या प्रत्येक नोंदीला दिलेलं वजन) १०,००,००० ने भागा. जिल्ह्यात नमुना लहान असतो, त्यामुळे विश्वासांतर (अंदाज कुठून कुठपर्यंत असू शकतो ती मर्यादा) दिल्याशिवाय दोन जिल्ह्यांची तुलना करू नका.