त्रिनिदादमधल्या शगुआनसला एक दिवस पुरेल का? बाजार सोडून तिथे पाहण्यासारखं काय आहे?

पुरेल, पण शनिवार धरा आणि सकाळी लवकर निघा. कामानिमित्त मी दोन वर्षं त्या बेटावर होतो. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनहून हिरव्या पट्ट्याची मॅक्सी, म्हणजे छोटी प्रवासी बस, मिळते. आपल्या वडापसारखीच, भरली की सुटते.

बाजारात पहिल्याच दिवशी एका आजींपुढे अळूच्या जुड्या दिसल्या. तिथे त्याला डशीन म्हणतात. ‘याचं काय करता?’ विचारलं, तर त्यांनी पान तळहातावर पालथं घालून दाखवलं: वाटलेली डाळ लावायची, पानावर पान, गुंडाळी, मग काप करून तळायचे. नाव सहीना. अहो, ही तर अळूवडी! फक्त चिंच आत नसते, वरून चटणीत येते. आजकाल बरेच जण पानं चिरून सरळ भजीच घालतात, ती मला तितकीशी आवडली नाहीत.

मराठी मात्र तिथे शोधू नका. १८४५ ते १९१७ या काळात उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेली माणसं बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशाकडची, त्यामुळे भाजीची नावं भोजपुरी वळणाची. बोडी म्हणजे चवळीच्या शेंगा, कराईली म्हणजे कारलं. बंधनिया म्हणजे रानातला धनिया: लांब, करवती कडांची पानं, वास कोथिंबिरीचा पण दुप्पट. ऊस आता गेला; सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली.

दुपारी चारच्या आत कॅरोनीच्या दलदलीवर पोहोचा. तिथून होडी कांदळवनातल्या चिंचोळ्या पाण्यातून नेते. नावाडी फांदीवर वेटोळं घालून झोपलेला साप दाखवतो, आपल्याला तो दिसेपर्यंत होडी पुढे गेलेली असते. खरी गंमत सूर्य कलल्यावर. स्कार्लेट आयबिस, म्हणजे तिथला राष्ट्रीय पक्षी, थव्याथव्याने मुक्कामाला येतो. तो लाल होतो खेकडे-कोळंबी खाऊन. पिल्लं मातकट असतात. समोरचं हिरवं बेट बघता बघता जास्वंद फुलल्यासारखं होतं, मधे पांढरे बगळे.

डासांचं मलम न्या. आणि परतीची गाडी आधीच ठरवा. धक्का हमरस्त्यालगत आहे, पण अंधारात तिथे मॅक्सी थांबत नाही. मी पाऊण तास हात दाखवत उभा होतो.