दोन रात्री, एक बॅग, डोक्यावर ऊन : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर ठरलेला असतो : शनिवार-रविवार एखादं शहर बघून यायचंय, बरोबर न्यायचं काय आणि चेहरा सांभाळायचा कसा? त्यांतले नेहमी येणारे आठ प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री घरी परतायचं. एवढ्यासाठीसुद्धा माझ्या बॅगेची चेन लागत नाही. नेमके किती कपडे पुरतात?

अंगावरचा जोड धरून खालचे दोन आणि वरचे चार. उन्हाळ्यात वरचा कपडा घामाने भिजतो, पँट मात्र दुसऱ्या दिवशीही चालते, म्हणून ही वाटणी विषम. दोन्ही पँट जवळपासच्या रंगांतल्या घ्या, म्हणजे प्रत्येक टॉप दोन्हींवर जातो आणि सहा कपड्यांत आठ जोड होतात. एखादा टॉप एकाच पँटवर शोभत असेल तर तो कितीही आवडता असला तरी या वेळी घरी राहू द्या. आतले कपडे दिवसाला दोन धरा, कारण दुपारी खोलीवर आलं की पुन्हा आंघोळ होतेच. चार टॉपपैकी एक पातळ, पूर्ण बाह्यांचा शर्ट असावा. रस्त्यावर तो उन्हापासून वाचवतो आणि संग्रहालयाच्या एसीत थंडीपासून.

जीन्स टाळलेली बरी. एकटीच अर्ध्या किलोच्या वर भरते, घाम धरते आणि धुतली तर रात्रभरात वाळत नाही. लिननमधून हवा खेळती राहते, पण ते बसल्या जागी चुरगळतं. त्याचं वावडं नसेल तर त्याच्यासारखं कापड नाही. सुती कपडा कोरडा असेपर्यंत सुखाचा, एकदा भिजला की ओलाच राहतो. पाठीवर सॅक घेऊन दिवसभर चालणाऱ्यांनी सुती-पॉलिएस्टर मिश्रण बघावं. निव्वळ पॉलिएस्टर झटपट वाळतं, मात्र घामाचा वास सोडत नाही.

रात्री एखादा टॉप धुवायचाच झाला, तर हलका पिळून कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघ्याने भार द्या. बरंचसं पाणी टॉवेल पितो. मग टॉप बाथरूममध्ये टांगू नका, तिथली हवा आधीच दमट असते. खोलीत, पंख्याच्या किंवा एसीच्या झोतात टांगला तर पातळ कापड सकाळपर्यंत वाळतं.

प्रश्न : कपड्यांची गुंडाळी करावी की घडी?

दोन्ही. टीशर्ट आणि निटेड कपड्यांची गुंडाळी, शर्ट आणि लिननची घडी. सुरकुती पडते ती घडीच्या रेषेवर दाब येतो आणि कापडावर कापड घासून अडकतं म्हणून. दोन घड्यांच्या मधे इस्त्रीवाल्याकडून येते तसली पातळ प्लास्टिकची पिशवी ठेवली, तर कापड सरकतं आणि मोड उमटत नाही. चाकांची बॅग असेल तर जड सामान चाकांच्या बाजूला, बुटांच्या पोटात मोजे. कप्प्यांच्या पिशव्यांनी सामान सापडतं लवकर. वजन मात्र त्यांनी कमी होत नाही, उलट मोकळी जागा दिसली की त्या ती भरायचं आमंत्रण देतात.

प्रश्न : मी ५० एसपीएफचं सनस्क्रीन लावते, तरी दोन दिवसांच्या भटकंतीनंतर चेहरा आणि हात काळवंडतात. ब्रँड बदलू का?

आधी प्रमाण तपासा. पाकिटावरचा एसपीएफ, म्हणजे ऊन किती अडतं त्याचा आकडा, मोजताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलेलं असतं. प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात, मग पाकिटावरचा आकडा पाकिटावरच राहतो. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, हे घरगुती माप लक्षात ठेवा. एकदम लावायला जड वाटलं तर एकेक रेघ दोन थरांत लावा. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला साधारण ३० मिली लागतं, म्हणजे पोहायला जाणार असाल तर ५० मिलीची ट्यूब दोनदाही पुरत नाही. एक ट्यूब वर्षभर पुरते असं कौतुकाने सांगणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा.

दुसरं, वेळ. बाहेर पडण्याआधी १५ ते २० मिनिटं लावायचं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घाम पुसला किंवा पोहून आलात तर लगेच. 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलंही टॉवेलने पुसलं की जातं.

तिसरं, एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांबद्दल सांगतो, ज्यांनी त्वचा भाजते. काळवंडण्यात यूव्हीएचाही मोठा वाटा असतो, आणि ते साध्या काचेतून आत येतात. गाडीच्या खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा जास्त रापतो तो त्यामुळेच. पाकिटावर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (दोन्ही किरणांना अडवणारं) किंवा पीए या यूव्हीएसाठीच्या खुणेपुढे तीन-चार अधिकची चिन्हं आहेत का बघा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि ५० सुमारे ९८, तेव्हा शंभरच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

हमखास सुटणाऱ्या जागा : कान, मानेची मागची बाजू, केसांचा भांग, पावलांचा वरचा भाग आणि ओठ. भांगासाठी टोपी हाच सोपा उपाय, तीही चारही बाजूंनी कड असलेली. नुसत्या पुढच्या झापेची टोपी कान उघडे टाकते.

सनस्क्रीनचे बारीक गोळे निघतात, अशीही तक्रार पत्रांत असते. खालचं मॉइश्चरायझर मुरायच्या आधीच वरून चोळल्याने तसं होतं. मधे पाच मिनिटं जाऊ द्या, चोळण्याऐवजी थापा, आणि तरीही होत असेल तर दोन्हींपैकी एक वस्तू बदला. काळवंडलेल्या त्वचेवर लिंबू मात्र चोळू नका. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे डाग महिनोन् महिने जात नाहीत.

प्रश्न : सकाळी केलेला मेकअप दुपारी ओघळतो आणि संध्याकाळी डोळ्यांखाली काळं पसरतं. वॉटरप्रूफ काजळ असूनही!

वॉटरप्रूफ काजळ किंवा मस्कारा पाण्याला दाद देत नाही, तेलाला मात्र देतो. डोळ्यांखालचं क्रीम आणि तेलकट सनस्क्रीन त्याला विरघळवतं आणि पापणी मिटताना तो खाली छापला जातो. उपाय असा : डोळ्यांखाली क्रीमऐवजी स्टिकचं सनस्क्रीन, त्यावर चिमूटभर पावडर, मग काजळ, आणि काजळावर त्याच रंगाची आयशॅडो बारीक ब्रशने दाबून. मस्कारा 'ट्यूबिंग' प्रकारचा घेतला तर तो केसाभोवती आवरण करतो, तेलाने पसरत नाही आणि कोमट पाण्याने सुटून येतो.

चेहऱ्यावर उन्हाळ्यात पूर्ण झाकणारं फाउंडेशन नकोच. थर जितका जाड, तितका तो घामाबरोबर जास्त सरकतो. सनस्क्रीन लावून दहा मिनिटं थांबा, डागांपुरतं कन्सीलर टिपा, कपाळ-नाक-हनुवटीवर पावडर पफने दाबा (ब्रशने फिरवली तर खालचं सनस्क्रीन हलतं), गालांना क्रीम ब्लश, शेवटी सेटिंग स्प्रे. दुपारी चमक आली तर आधी टिपकागदाने तेल टिपून घ्या. तेलावरच पावडर मारत गेलं की तिचे पापुद्रे धरतात, आणि मग ते कशानेच लपत नाहीत.

मेकअपवर सनस्क्रीन पुन्हा लावायचं तर तेल टिपून, ओलसर स्पंजवर सनस्क्रीन घेऊन थापत जा. स्टिक असेल तर एकेका जागेवरून चारदा फिरवा. एसपीएफची पावडर आणि स्प्रे यांच्यावर एकट्यावर विसंबू नका, पुरेसा थर बसवायचा तर त्यांचं जेवढं लागेल तेवढं कोणी लावत नाही. संध्याकाळी जेवायला बाहेर जायचं असेल तर डागडुजी करत बसू नका. सूर्य मावळल्यावर सनस्क्रीनची गरज नसते. चेहरा धुऊन नव्याने, दोनच वस्तूंत आटपा.

प्रश्न : विमानात प्रत्येक वेळी शाम्पू सांडतो. शिवाय केबिन बॅगेतल्या बाटल्यांचा नियम नक्की काय?

उडत्या विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, साधारण दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. बाटलीतली हवा फुगते आणि शाम्पूला बाहेर ढकलते. मऊ बाटली पाऊण भरा, दाबून हवा काढा आणि दाबलेल्या अवस्थेतच झाकण लावा, म्हणजे हवेला फुगायला जागा राहते. टोपण काढून तोंडावर क्लिंग फिल्मचा (अन्न झाकायच्या पातळ प्लास्टिकचा) तुकडा ठेवून वरून टोपण घट्ट करा. पंपाच्या बाटल्या लॉक होत नसतील तर नेऊ नका.

नियम असा की बहुतेक विमानतळांवर द्रव, क्रीम, जेल यांची एकेक बाटली १०० मिलीपर्यंत आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावतील एवढ्या. मोजलं जातं ते बाटलीचं माप. १५० मिलीच्या बाटलीत तळाशी ३० मिली उरलं असेल तरी ती जप्त होते. नव्या यंत्रांमुळे काही ठिकाणी हा नियम सैल झालाय, पण परतीच्या विमानतळावर तो असू शकतो, म्हणून जुन्याच नियमाने भरा. शाम्पूची वडी, साबण, स्टिकचा डिओ हे या हिशेबात येत नाहीत. दोन रात्रींसाठी शाम्पू ३० मिली, फेसवॉश २० आणि मॉइश्चरायझर १५ भरपूर होतं.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, चेक-इनच्या बॅगेत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा चालते. आकडा छापलेला नसेल तर एमएएचला, म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या क्षमतेला, ३.७ने गुणून हजाराने भागा : २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर.

प्रश्न : पायांना फोड येतात आणि चालून चालून मांड्या घासतात. दुसरा दिवस फुकट जातो.

उन्हात पाय सुजतात, त्यामुळे घरी बरोबर बसणारा बूट दुपारी घट्ट होतो. बूट संध्याकाळी विकत घ्या, अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाएवढी जागा सोडा आणि कोरा जोड घेऊन निघू नका. सुती मोजे घाम धरतात आणि ओली त्वचा लवकर सोलते. पातळ सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचे मोजे बरे. टाच वर-खाली होत असेल तर बुटाच्या सगळ्यात वरच्या, सहसा रिकाम्या राहणाऱ्या भोकातून नाडी त्याच बाजूला ओवून छोटा फास करा, समोरची नाडी त्यातून काढून आवळा. टाच जागेवर बसते.

जागा गरम लागू लागली की तिथेच थांबून टेप लावा. पुढच्या चौकापर्यंत ढकलायचं म्हटलं की फोड आलाच. आलेल्या लहान फोडाची कातडी काढू नका, तीच त्याची पट्टी. मोठा आणि दुखरा असेल तर जागा धुऊन निर्जंतुक सुईने कडेला टोचा, पाणी काढा, कातडी तशीच ठेवून पट्टी लावा. मधुमेह असणाऱ्यांनी हे स्वतः करू नये.

मांड्यांसाठी निघण्याआधी पेट्रोलियम जेली किंवा घर्षण थांबवणारी स्टिक, आणि ड्रेसखाली आखूड सायकलिंग शॉर्ट्स. टाल्कम पावडर काही तास चालते, मग घामात तिचा लगदा होऊन ती स्वतःच घासते.

प्रश्न : भर उन्हात फिरून दुपारनंतर डोकं चढतं. दिवस कसा बसवावा?

उघड्यावरचं सगळं सकाळी अकराच्या आत : किल्ला, बाजार, जुन्या गल्ल्या. बारा ते चार संग्रहालय, ग्रंथालय, झाकलेले बाजार किंवा सरळ झोप. उरलेलं पाचनंतर. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली की ऊन कडक आहे असं समजा, हवामानाचं अॅप उघडायची गरज नाही. एका सकाळी शहराचा एकच भाग घ्या, ये-जा करण्यातच निम्मा दिवस आणि सगळा उत्साह संपतो. संग्रहालयात शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या अर्धा-एक तास आधी थांबतो आणि सुट्टीला सोमवार जोडणार असाल तर अनेक ठिकाणी तोच बंदचा दिवस असतो. रविवारी खोली सोडल्यावर बॅग हॉटेलात ठेवून घ्यायला सांगा. सामान ओढत फिरलेली दुपार दुप्पट तापते.

पाणी तहान लागायच्या आधी, थोडं थोडं. खूप घाम येत असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. घाम, चक्कर, मळमळ झाली तर सावलीत आडवं व्हा आणि अंग ओलं करा. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात : लगेच मदत बोलवा आणि येईपर्यंत अंग गार करत राहा.

प्रश्न : निघण्याच्या आदल्या दिवशी वॅक्सिंग आणि फेशियल केलं तर चालेल? आणि लेन्स, परफ्यूमचं काय?

वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी. ताज्या त्वचेवर घाम आणि ऊन पडलं की पुरळ उठतं. रेटिनॉल (त्वचेसाठीच्या क्रीम-सीरममधलं अ जीवनसत्त्वाचं रूप) वापरत असाल तर चेहऱ्याच्या वॅक्सिंगआधी आठवडाभर बंद ठेवा, नाहीतर कातडी सोलून निघते. पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढणं, तर या सुट्टीआधी नकोच. डॉक्सिसायक्लिनसारखं औषध चालू असेल तर त्वचा उन्हाला फार लवकर भाजते, डॉक्टरांना विचारून ठेवा. परफ्यूम मानेवर मारण्यापेक्षा कपड्यावर मारा, त्यातल्या काही सुगंधी तेलांनी उन्हात त्वचेवर डाग पडतात. विमानातली हवा फार कोरडी असते, म्हणून लेन्स प्रवासात न लावता पोहोचल्यावर लावा, आणि नळाच्या पाण्याने कधी धुऊ नका. रोज वापरून फेकायच्या लेन्सच्या चार जोड्या घेतल्या, तर द्रवाची बाटली आणि डबी, दोन्ही घरी राहतात.