खिळवून ठेवणारी कादंबरी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझ्या कादंबरीत पहिल्याच पानावर खून आहे, दहाव्या पानावर दुसरा. तरी खर्डा वाचणारे म्हणतात, 'पकड घेत नाही.' आणखी काय घडवू?

आणखी काही घडवू नका. पहिल्या पानावर मेलेला माणूस वाचकाचा अजून कुणीच लागत नाही. त्याच्या प्रेताबद्दल कुतूहल वाटतं, काळजी वाटत नाही. आणि पुस्तक खाली ठेवू देत नाही ती काळजी.

थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी बोलताना हा फरक नेमका मांडला होता. दोघंजण टेबलाशी गप्पा मारत बसले आहेत आणि टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटतो. प्रेक्षकाला मिळतो १५ सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलं असेल, तो एक वाजता फुटणार हे त्याला ठाऊक असेल आणि भिंतीवरचं घड्याळ पाऊण दाखवत असेल, तर त्याच रटाळ गप्पा तो १५ मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. घटना एकच. वाचकाला काय माहीत आहे, तेवढंच बदललं.

म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या प्रसंगाआधी कागदावर तीन वाक्यं लिहून काढा : इथे कुणाचं काय पणाला लागलं आहे, वाचकाला असं काय माहीत आहे जे त्या पात्राला माहीत नाही, आणि वेळ किती उरला आहे. समजा, एक बाई रात्री घरी परतते, चपला काढते, दिवा लावते. नुसतं हे वर्णन कंटाळवाणं आहे. आधीच्या प्रकरणात तिच्या किल्लीची नक्कल करून घेणारा माणूस वाचकाने पाहिला असेल, तर दिव्याच्या बटणाकडे जाणारा तिचा हातसुद्धा पुरतो. मात्र एक पथ्य पाळा. त्या बाईला थोडाही संशय यायला जागा असेल, तर तिने शहाण्या माणसासारखंच वागलं पाहिजे. केवळ कथानकाला हवं म्हणून पात्र अंधाऱ्या तळघरात उतरलं, तर काळजीची जागा चीड घेते.

खून पहिल्या पानावर ठेवायचाच असेल तर ठेवा, पण पुढच्या २०-२५ पानांत एक जिवंत माणूस वाचकाच्या हवाली करा. त्याला काहीतरी छोटं, स्पष्ट हवं असावं आणि ते हातचं जाण्याची भीती असावी. जगाचा विनाश टाळण्यापेक्षा लहान भावाला निर्दोष सोडवणं वाचकाला लवकर भिडतं.

प्रश्न : रहस्यकथा आणि थरारकथा यांत फरक कोणता?

रहस्यकथेतला प्रश्न मागे पाहतो : काय घडलं, कुणी केलं? थरारकथेतला प्रश्न पुढे पाहतो : आता काय होणार, वाचेल का? पहिलीत वाचक तपास करणाऱ्याच्या बरोबर किंवा एक पाऊल मागे असतो, दुसरीत बऱ्याचदा एक पाऊल पुढे. चांगल्या कादंबरीत दोन्ही प्रश्न चालू असतात. तुमच्या खर्ड्याच्या समासात प्रत्येक प्रकरणापुढे 'मागे' किंवा 'पुढे' असं लिहून पाहा. सलग चार-पाच प्रकरणं नुसती 'मागे' निघाली, तर वेग तिथेच हरवला आहे.

प्रश्न : खुनी ओळखला जाऊ नये म्हणून मी धागेदोरे अगदी कमी ठेवले. आता वाचक म्हणतात, शेवट फसवा आहे. मग सुगावे द्यायचे तरी किती आणि कसे?

उलट करा. सुगावे भरपूर द्या, पण ते नजरेसमोर असूनही दिसणार नाहीत असे द्या. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने १९२९ मध्ये तपासकथेसाठी दहा नियम लिहिले. त्यातला एक असा, की तपास करणाऱ्याला सापडलेला सुगावा तत्काळ वाचकासमोर आला पाहिजे. जुळा भाऊ किंवा तोतया आणायचा तर वाचकाची आधी तयारी करून घ्या, हाही त्यातलाच. बाकीचे काही नियम काळाबरोबर मागे पडले, हे दोन आजही जसेच्या तसे लागू आहेत.

लपवण्याच्या पद्धती अनेक आहेत. महत्त्वाची वस्तू यादीच्या मधोमध ठेवा : टेबलावर चष्मा, औषधाची रिकामी बाटली, कालचं वर्तमानपत्र. वाचकाची नजर पहिल्या आणि शेवटच्या वस्तूवर रेंगाळते. दुसरी पद्धत म्हणजे सुगाव्याच्या पाठोपाठ भांडण, अपघाताची बातमी असं काही आणणं, म्हणजे मन तिकडे जातं. तिसरीत सुगाव्याचे दोन तुकडे करायचे. चाळिसाव्या पानावर कळतं, की एका पात्राला रात्री गाडी चालवता येत नाही, नजर अधू आहे. एकशे सत्तराव्या पानावर तेच पात्र सांगतं, 'बातमी कळताच मध्यरात्री एकटाच गाडी घेऊन निघालो.' एकेकटा तुकडा काहीच बोलत नाही.

आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते ती चौथी : सुगाव्याबरोबर चुकीचं पण पटणारं स्पष्टीकरण लगेच देऊन टाकणं. हातावर ओरखडे आहेत आणि मांडीवर मांजर आहे. उत्तर मिळालं की वाचक शोधणं थांबवतो. कोडं घातलंय हेच त्याला कळत नाही.

प्रमाण म्हणाल, तर ८०,००० शब्दांच्या कादंबरीत मुख्य रहस्यासाठी पाच-सहा सुगावे असावेत, निदान तीन पूर्वार्धात. एकट्याच्या जोरावर गुन्हेगार उघडा पाडेल असा एकही नसावा. चकवे दोन किंवा तीन पुरेत, पण प्रत्येक चकव्याचं स्वतःचं खरं उत्तर हवं. ज्याच्यावर खोटा संशय गेला, तो खरोखरच काहीतरी लपवत होता : कर्ज, प्रेमसंबंध, नोकरी गेल्याची गोष्ट. फक्त खून लपवत नव्हता. विनाकारण घाम पुसणारा आणि नजर चुकवणारा संशयित म्हणजे वाचकाची फसवणूक, आणि 'शेवट फसवा आहे' ही तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते.

तपासायचं कसं? पाच जणांना खर्डा द्या आणि तीन-चतुर्थांशावर थांबवा. गुन्हेगार कोण आणि कशावरून, हे लिहून घ्या. पाचही जणांनी अचूक ओळखला तर एखादा सुगावा फार ठळक आहे. कुणालाच ओळखता आलं नाही आणि शेवट वाचल्यावरही एकही सुगावा आठवला नाही, तर ते फार पुसट आहेत. एक-दोघांनी ओळखावं आणि बाकीच्यांनी मागची पानं उलटत 'हे तर इथेच होतं!' म्हणावं, इतकं जमलं की बस.

प्रश्न : प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का हवाच का?

नको. दार वाजतं, प्रकरण संपतं, पुढच्या पानावर कळतं की शेजारीण आली होती. हे एकदा चालतं. दुसऱ्यांदा वाचकाचा विश्वास उडतो आणि मग खरा मारेकरी दारात उभा राहिला तरी त्याला काही वाटत नाही.

प्रकरण प्रसंग पूर्ण मिटण्याच्या थोडं आधी तोडा. धक्क्याखेरीज आणखी तीन प्रकारे ओढ लावता येते. पात्र माघार नसलेला निर्णय घेतं. नवी माहिती येते आणि आधीच्या घटनेचा अर्थ फिरतो. किंवा पात्राच्या लक्षात न आलेली गोष्ट फक्त वाचकाला दिसते. हे आलटून पालटून वापरा, आणि तीन-चार प्रकरणांनंतर एक शांत शेवट ठेवा, कारण सतत ताणलेला वाचक बधिर होतो. लांबी १,५०० ते २,५०० शब्द ठीक. शेवटच्या पाचव्या हिश्श्यात ती हजारापर्यंत उतरू द्या.

प्रश्न : सुरुवात जमते, शेवटही ठाऊक असतो, पण मधली शंभर पानं ढेपाळतात. कारण काय?

मधल्या भागात नायक एकाकडून दुसऱ्याकडे जाऊन प्रश्न विचारत राहतो. माणसं बदलतात, प्रसंग तोच राहतो. या काळात खलपात्र काय करतंय हे लेखकाने ठरवलेलंच नसतं. म्हणून खलपात्राची रोजनिशी लिहा, तीन-चार पानांची, त्याच्याच शब्दांत, तारीखवार. ती कादंबरीत छापायची नाही. पण साक्षीदाराला नायकाच्या दोन तास आधी कोण भेटून गेलं, कागद कुणी जाळले, नायकाच्या बायकोला फोन कुणी केला, हे सगळं तिच्यातून मिळतं आणि मधल्या प्रसंगांना समोरून विरोध मिळतो.

प्रत्येक प्रसंगाच्या अखेरीस नायकाकडचा एक मार्ग बंद व्हावा. 'पोलिसांकडे का जात नाही?' हा वाचकाचा प्रश्न पहिल्या चतुर्थांशातच पटेल अशा कारणाने निकाली काढा. कादंबरीच्या निम्म्यावर मूळ प्रश्नच बदलू द्या : 'कुणी मारलं' याच्या जागी 'पुढचा कोण' किंवा 'मेलेला नेमका होता कोण'. मुदत असेल तर तिला कारण असू द्या, आणि ती एकदा, एकदाच, आखडू द्या. तीन दिवस हाताशी आहेत असं वाटत असताना उद्या सकाळच उरावी.

प्रश्न : शेवट आधीच कळला, तर कादंबरी वाचण्यात अर्थ उरतो का?

उरतो. फ्रेडरिक फोर्सिथ यांची 'द डे ऑफ द जॅकल' १९७१ मध्ये आली. तिचा विषय फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या हत्येचा कट. द गॉल नोव्हेंबर १९७० मध्ये आपल्या घरी नैसर्गिक मृत्यूने गेले होते, म्हणजे कट फसणार हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होतं. तरी ती खिळवून ठेवते, कारण बनावट कागदपत्रं, खास घडवून घेतलेली बंदूक, बदललेली रूपं अशी एकेक पायरी बारकाईने उलगडते आणि तपास करणारा मागे किती अंतरावर आहे हे सतत दिसत राहतं. 'होईल का' गेलं तरी 'कसं' आणि 'कुठे अडेल' हे उरतं.

प्रश्न : तांत्रिक बाबतीत कोणत्या चुका हमखास आढळतात?

क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरताच माणूस कोसळतो, ही त्यातली पहिली. प्रत्यक्षात काही मिनिटं लागतात. डोक्यावर फटका बसून तासभर बेशुद्ध राहिलेला माणूस उठून पाठलाग करत नाही. इतका वेळ शुद्ध हरपणं ही मेंदूची गंभीर इजा आहे. सायलेन्सरने बंदुकीचा आवाज साधारण २० ते ३५ डेसिबलने घटतो. मूळ आवाज १४० डेसिबलच्या वर असल्यामुळे शेजारच्या खोलीत तो ऐकू जाणारच.

प्रेताचा ताठरपणा साधारण २ ते ४ तासांत जबडा आणि मानेपासून जाणवू लागतो, बाराएक तासांत पूर्ण होतो आणि पुढच्या दीड-दोन दिवसांत ओसरतो. उष्णतेत हे लवकर होतं, थंडीत सावकाश. त्यामुळे डॉक्टर 'रात्री नऊ ते बारा' असा अंदाज देईल, 'नऊ वाजून दहा मिनिटं' कधीच सांगणार नाही. या ढोबळपणाची खंत करू नका. खोट्या साक्षी आणि चुकलेले संशय त्या तीन तासांतच मावतात.

प्रश्न : शेवटी खुनी दहा पानं सगळं उलगडून सांगतो. संपादक म्हणतात, कापा. पण मग वाचकाला कळणार कसं?

संपादकांचं ऐका. पकडला गेलेला माणूस इतकं बोलत नाही, आणि धोका टळल्यावर इतकं ऐकायला वाचकही थांबत नाही. उलगड्याचे तुकडे करा. 'कसं केलं' हे शेवटच्या संघर्षाच्या आधीच नायकाला समजू द्या, म्हणजे त्या ज्ञानासह तो धोक्यात उतरेल. 'कुणी' हे संघर्षात उघड होऊ द्या. 'का' यासाठी नंतरची दीड-दोन पानं राखून ठेवा, आणि तेही खुन्याच्या तोंडून न सांगता त्याला ओळखणाऱ्या कुणाच्या तरी तोंडून आलं तर अधिक टोचतं.