मंगळ, मोबाइल आणि रात्रीचे दोन

"मॅडम, चेडू इंजिनियर आसा आणि मोबाइलातल्या ज्योतिषाक मिनटामिनटाक पैशे मोजता. डोक्यावर परिणाम झालो नाय मां?" मालवणचे ते ट्रॉलरवाले काका खुर्चीत टेकायच्या आधीच बोलून मोकळे झाले. एवढं शिकूनसवरून माणूस पत्रिकेच्या नादी कसा लागतो, ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगी अठ्ठावीसची. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. टीममधल्या चार माणसांच्या नोकऱ्या एका ईमेलवर गेल्या होत्या, आणि जुळत आलेलं स्थळ मंगळावरून मोडलं होतं. महिन्याभरात ॲपवर नऊ हजार गेले.

पूर्वी मी अशा वेळी वाद घालायचे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 2008 मध्ये पुण्यात घेतलेली चाचणी सांगायचे: 200 पत्रिका, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या, 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिका पाहून कोणती कुणाची ते ओळखायचं. उत्तरं बरोबर आली साधारण 46 टक्के, म्हणजे नाणं उडवूनही तेवढंच जमलं असतं. माणसं माना डोलवायची आणि पुढच्या वेळी यायचीच नाहीत.

हिला तर सांगायचीही सोय नव्हती. तीच म्हणाली, "नारळीकरांचं वाचलंय मी. आणि मंगळ बारापैकी पाच स्थानांत असला की दोष. म्हणजे शंभरातले बेचाळीस जण मंगळाचे! हिशेब येतो हो मला."

"मग?"

"मग काय. रात्री हिशेब आठवत नाही."

मी तिला ॲप उघडून फक्त आपले प्रश्न वाचायला सांगितले, उत्तरं नाहीत. 11:40, नोकरी जाईल का. 1:15, तोच प्रश्न, दुसरा ज्योतिषी. 1:50, तिसरा. त्यातल्या एकाने 'तुम्ही वरून खंबीर, आतून हळव्या' असं लिहिलं होतं म्हणे, आणि ती रडली होती. (बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1948 मध्ये वर्गातल्या सगळ्यांना एकच स्वभाववर्णन 'खास तुमचं' म्हणून वाटलं होतं. पोरांनी त्याला पाचपैकी सरासरी सव्वाचार गुण दिले.) वाचता वाचता 2:05 च्या प्रश्नावर ती थांबली. 'माझ्या पत्रिकेमुळे आईची शुगर वाढतेय का?'

बराच वेळ आम्ही दोघी गप्प होतो.

काकांना मी वेगळं बोलावलं. त्यांच्या बोटीवर जीपीएस आहे, मासे दाखवणारं यंत्र आहे, हवामानाचा इशारा फोनवर येतो. तरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय बोट बाहेर काढत नाहीत. विचारलं, कर्लीच्या खाडीत जाळं टाकताना देता का नारळ? ते हसले. "खाडयेत कित्याक? थंय पाय टेकतत!"

मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी ट्रोब्रिअँड बेटांवर हेच पाहून आला होता. खाडीतल्या शांत पाण्यात मासेमारी करताना मंत्रतंत्र नाही. खुल्या समुद्रात जाताना मात्र सगळं साग्रसंगीत. काकांना म्हटलं, तुमच्या लेकीचे पाय सध्या टेकत नाहीयेत.

तंत्रज्ञान वाढलं की ज्योतिष आपोआप ओसरेल, असं मलाही एकेकाळी वाटायचं. पार्सल कणकवलीला पोचलं की फोन सांगतो, पाऊस किती वाजता येणार तेही सांगतो. प्रत्येक गोष्टीचं उत्तर हातात मिळायची सवय लागली, की नोकरी राहील का, लग्न ठरेल का, हे उरलेले दोन-चार प्रश्न जास्तच टोचतात. कंपनीच्या ईमेलात कारण नसतं. ज्योतिषी निदान कारण देतो, शनी म्हणतो, आणि मुख्य म्हणजे तारीख देतो. 'गुरू बदलला की होईल.' वाट पाहायला कडेला एक खुंटी मिळते. शिवाय तो तुमच्याच नावाने, तुमच्याच जन्मवेळेवर बोलतो. इतकं लक्ष देऊन ऐकणारं घरात तरी कोण असतं?

फरक पडलाय तो वेळेत. गावातले भटजी पत्रिका बघून 'मार्गशीर्षात बघू' म्हणायचे आणि विषय मिटायचा. ॲप रात्री दोनलाही उघडं असतं आणि मिनिटं मोजत असतं. झोप उडाली, उधारी झाली, साधा निर्णयही विचारल्याशिवाय होईना, की मला काळजी वाटते. नुसती पत्रिका पाहिली म्हणून नाही.

ॲप काढून टाक असं मी म्हटलं नाही. रात्रीचा प्रश्न वहीत लिहायचा आणि सकाळी दहानंतरही विचारावासा वाटला तर खुशाल विचारायचा, एवढंच ठरलं. आईचा प्रश्न मात्र आईलाच विचारायचा.

तिसऱ्या भेटीत ती हसतच आली. आई बांगडे साफ करत होती, तेव्हा हिने विचारलं. आईने मान वरही केली नाही. "माझी शुगर तुझ्या मंगळान वाढली? मगे मी दोन वेळा भात खातंय त्येचा काय?"

नोकरीचं अजून अधांतरीच आहे. वहीत एकवीस प्रश्न झालेत, ॲपवर गेले त्यातले तीन.